मास्तरांचा उरलेला तुकडा

मास्तरांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी त्यांच्या बायकोनं चाळीस वर्षं कपाळाला हात लावला होता. गिऱ्हाईकाच्या कापडातून जे उरेल ते गिऱ्हाईकाला परत द्यायचं. मोठा तुकडा परत करणारे शिंपी पुष्कळ सापडतील, त्यात काय विशेष. पण मास्तर बोटभर रुंदीची पट्टीसुद्धा घडी घालून, टाचणी लावून, शिवलेल्या कोटाच्या खिशात ठेवून द्यायचे. लोक हसायचे. "अहो मास्तर, हे घेऊन मी काय करू?" मास्तर म्हणायचे, "ते तुम्ही बघा. माझं नाही ते मी ठेवत नाही." बायकोचं म्हणणं असं की एवढ्या चिंध्या जमवल्या असत्या तर घरातल्या सगळ्या उशा भरून वर शेजारणीला दोन देता आल्या असत्या. तेही काही खोटं नव्हतं.

आता अशा माणसाच्या हृदयाचाच तुकडा कुणी कापून ठेवून घेतला, तर तो गप्प बसेल का? नाहीच बसला. फक्त बोलायला चार महिने लावले.

त्याचं असं झालं. मास्तरांची बायपास झाली. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, जखम छान भरली, सर्जन पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता पळा." पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सह्या केलेल्या कागदांत एक कागद असा होता, की शस्त्रक्रियेत काढलेला हृदयाचा लहानसा तुकडा संशोधनासाठी वापरायला माझी हरकत नाही. घाबरलेला माणूस सही करताना कागद वाचतो थोडाच? मास्तरांनी तो घरी आल्यावर, उशीला टेकून, चष्मा पुसून सावकाश वाचला. हृदयाचा तुकडा काढला. म्हणजे हृदय तेवढं कमी झालं. आणि जन्मभर कापडात हात घातलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: कापून जोडलं असेल तिथंच, ताण आला की आधी उसवतं.

झालं. तेव्हापासून मास्तर स्वतःला कच्ची शिलाई घातल्यासारखे वागायला लागले. जिना चढताना अर्ध्यावरच्या वळणावर थांबायचे, श्वास मोजायचे, मग वर. पाण्याची बादली बायकोनं उचलायची. आणि दुकानातली ती मोठी पोलादी कात्री, जिला खांद्यापासून जोर लावावा लागतो, तिच्याकडे तर ते बघायलाही गेले नाहीत. दुकान बंद ते बंदच.

बायकोनं ऑपरेशनच्या आधी करड्या रंगाचं लोकरी कापड आणून ठेवलं होतं. "बरे झालात की पहिला माझा कोट," असं ती तेव्हा म्हणाली होती. नंतर तिनं त्याचं नावही काढलं नाही. कपाटात ते कापड तसंच होतं, आणि मास्तर कपाट उघडताना मान दुसरीकडे वळवायचे.

सोमवारी ती जेवताना म्हणाली, "तो चष्मेवाला परत आला होता. आपलं दुकान मागतोय, चष्मे विकायला. शनिवारी उत्तर द्यायचंय. देऊन टाकायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

"बघू," मास्तर म्हणाले.

मास्तरांचं 'बघू' म्हणजे काय, हे चाळीस वर्षांनंतर तिला सांगावं लागत नव्हतं. तिनं ताटं उचलली आणि नळ जरा जास्तच सोडला.

बुधवारी तपासणी होती. हृदयाचा आलेख काढणाऱ्या सिस्टरला मास्तरांनी मनाचा हिय्या करून विचारलंच, "सिस्टर, माझा तुकडा कुठं असतो?"

सिस्टरला असले प्रश्न कुणी विचारत नसावं. तिनं जरा विचार केला. "समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. ती करंटवाली आहे ना, तिच्याकडे जातात ते. पेशींतला करंट मोजते ती. पण तुम्ही तिकडे कशाला—"

मास्तर शर्टाची बटणं लावत निघालेसुद्धा होते. लिफ्टनं गेले, अर्थात.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक दार होतं. त्यावर हातानं लिहिलेला कागद: 'दार हळू लावा. पळू नका. शिंक आली तर बाहेर जा.' मास्तरांनी दारावर बोटानंच टकटक केलं. दार उघडणारी बाई पस्तिशीची, केस पेन्सिल खोचून वर बांधलेले, कपाळावर आठ्या आणि दुपारचे तीन वाजले तरी जेवली नसावी असा चेहरा.

"ताई, मी माझा तुकडा न्यायला आलोय," मास्तर म्हणाले. मग त्यांना वाटलं हे जरा विचित्र झालं. "म्हणजे, बघायला तरी."

करंटवालीनं दोन क्षण त्यांच्याकडे पाहिलं. हाकलून देणं तिला सोपं होतं. पण शर्टाच्या गळ्यातून वर आलेला तो उभा व्रण तिला दिसला, आणि या दारापर्यंत त्या व्रणाचा माणूस कधी आलाच नव्हता. येत होते ते फक्त थंडगार द्रावणाच्या बाटलीतले तुकडे.

"बसा काका," ती म्हणाली. "पण खरं सांगते, मला देता यायचं नाही. एक तर माझ्याकडे कुणाचंच नाव येत नाही, नुसता आकडा येतो. नियमच आहे तसा. आणि दुसरं म्हणजे तो तुकडा राहतच नाही. वाटाण्याएवढा असतो. तो बारीक करून, औषधात घुसळून त्यातल्या पेशी सुट्या करायच्या. त्या जगतात सहा-सात तास. तेवढ्यात मोजायचं ते मोजायचं."

"आणि उरतं ते?"

"काही उरत नाही."

"चिंधीसुद्धा नाही?"

"नाही."

मास्तरांना हे काही केल्या खरं वाटेना. कापलं की उरतंच. चाळीस वर्षांत एक कोट असा झाला नव्हता की ज्यात काहीच उरलं नाही. पण ते पुढे म्हणाले ते वेगळंच, कारण मनात सलत होतं ते वेगळंच होतं.

"पण मग कापलात कशाला हो? धडधाकट भाग."

करंटवाली खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "माझ्यासाठी नाही कापत कुणी. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात आणि यंत्र लावतात, बरोबर? त्या यंत्राची नळी आत घालायला जागा लागते. हृदयाच्या एका बाजूला छोटी पिशवी लोंबत असते. तिला भोक पाडून नळी घालतात, मग ते टाके घालून बंद करतात. तिथला टोकाचा तुकडा निघतोच. मी घेतला नाही तर कचऱ्यात जातो."

"म्हणजे शिवणीबाहेर माया सोडतो आम्ही, त्यातला."

"शिंपी आहात?"

"होतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच त्या शब्दाचं वाईट वाटलं.

डोक्याला सगळं पटलं होतं. पण भीती डोक्यात थोडीच बसते? ती होती तिथंच, व्रणाच्या खाली, ठाण मांडून बसलेली.

करंटवालीनं घड्याळाकडे पाहिलं आणि उठली. "काका, मला कामाला लागायला हवं. आज सकाळचा तुकडा आहे आणि सगळं बिनसलंय. गप्प बसणार असाल तर बघत बसा."

गप्प बसायला मास्तर तयारच होते. खोलीच्या मधोमध एक जड टेबल, भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा, आत सूक्ष्मदर्शक. त्याच्याखालचं सगळं बाजूच्या पडद्यावर मोठं होऊन दिसत होतं. मास्तरांनी चष्मा वर सरकवला. पाण्यात काही लांबट, विटेसारख्या आकाराचे कण पडले होते, आणि प्रत्येकावर आडव्या बारीक रेघा, एकीला एक लागून, कॉर्डरॉयसारख्या. इतकी सरळ वीण त्यांनी चांगल्या गिरणीच्या कापडातही क्वचित पाहिली होती.

"या जिवंत आहेत?"

"लांबट आहेत त्या जिवंत. गोल झालेल्या गेल्या. सात चांगल्या होत्या, चार माझ्या हातून गेल्या. आता तीन."

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळचा तुकडा. म्हणजे समोरच्या इमारतीत कुणीतरी आत्ता नळ्या लावून बेशुद्ध पडलंय, आणि बाहेरच्या बाकावर त्याची बायको पर्स मांडीवर घट्ट धरून बसलीय. त्यांच्या बायकोनं ती पर्स बारा तास सोडली नव्हती म्हणे. लेकीनं नंतर सांगितलं.

करंटवालीनं काचेची नळी बसवली. नळी कसली, सुईच ती. टोक इतकं बारीक की डोळ्याला दिसेना, पडद्यावरच काय ते दिसत होतं. दोन लहान चाकं फिरवत तिनं ते टोक पेशीवर आणून अलगद टेकवलं. मग काचेच्या सुईला मागून जोडलेली प्लॅस्टिकची नळी तोंडात धरली आणि अगदी हळू, बाळाला फुंकर घालावी त्याच्या उलट, हवा ओढली. ओढल्यामुळे पेशीची कातडी काचेला चिकटते. घट्ट चिकटली, कुठूनही गळती नाही राहिली, तरच आतला करंट मोजता येतो, असं तिनं आधी सांगितलं होतं. दुसऱ्या पडद्यावरची थरथरती रेघ एकदम शांत, सपाट झाली.

"चिकटली," ती नळी दातांत धरूनच पुटपुटली. मोजणी सुरू करायला तिनं मान वळवली, आणि रेघ वेडीवाकडी उधळली. पेशी आकसून गोळा झाली.

"श्या," करंटवाली म्हणाली. "सकाळपासून हेच. चिकटते आणि फाटते. टेबल तपासलं, द्रावण नवं केलं, सुया पाच वेळा बदलल्या. पुढचं ऑपरेशन पंधरा दिवसांनी. एका माणसानं एवढ्या विश्वासानं दिलेला तुकडा आणि माझ्या हातून माती."

आता दोन उरल्या होत्या.

मास्तर गप्प बसायचं कबूल करून बसले होते. पण नवशिका मशीनवर चुकताना दिसला की कुठल्या शिंप्याच्या तोंडाला कुलूप राहतं?

"ताई, ही तोंडातली नळी नवी आहे का?"

"हो. कालच बदलली. जुनी पिवळी पडली होती."

"जुनी याहून लांब होती. आणि मऊ पडलेली."

ती वळून बघायला लागली. "तुम्हाला कसं कळलं?"

"जाड कापडाचा घेर टेबलाखाली लोंबकळत ठेवला ना, की त्याचं वजन सुईवर येतं. टाका वाकडा जातो, नाहीतर सुई मोडते. पोरं सुईलाच शिव्या घालतात. सुईचा काय दोष? कापडाला आधार द्यायला हवा." ते उठून जवळ गेले, हात मागे बांधूनच. "ही नळी ताठ आहे. तुम्ही मान वळवलीत की ती मागून ओढते. तुम्हाला कळत नाही एवढंसंच ओढते. पण तिकडे टोकाला तेवढं पुरतं."

करंटवालीनं नळी बोटानं जराशी हलवली. पडद्यावर काचेचं टोक भस्सकन बाजूला सरकलं. तिनं नळी पुन्हा हलवली, टोक पुन्हा सरकलं.

"जुनी मी पिंजऱ्यातल्या त्या खांबाला बांधली होती," ती शेवटी म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी. विसरूनच गेले की बांधली होती. सहा वर्षं ती तशीच होती ना."

तिनं चिकटपट्टी काढली. पण त्या ताठ नळीवर चिकटपट्टी टिकेना, लावली की सुटायची. मास्तरांचा हात तोवर आपोआप शर्टाच्या कॉलरखाली गेला होता. तिथं दोरा ओवलेली सुई टोचून ठेवायची त्यांची जुनी सवय. सुई तिथं होती.

हात कॉलरवरच थांबला. हा शर्ट चार महिन्यांत किमान पंधरा वेळा धुतला गेला असेल. म्हणजे दर वेळी कुणीतरी ती सुई काढून बाजूला ठेवली होती आणि इस्त्री झाल्यावर परत तिथंच टोचली होती, एक शब्द न बोलता. मास्तरांना एकदम भरून आलं.

मग त्यांनी नाक ओढलं आणि कामाला लागले. दोऱ्याचे तीन पदर केले, नळीभोवती एक सैल फास, पिंजऱ्यातल्या खांबाभोवती दोन घट्ट, मध्ये हवा तेवढा झोळ. मान कितीही वळली तरी ओढ खांबावर यावी, सुईवर नको. गाठ मारली.

"कात्री?"

करंटवालीनं चिमुकली, वाकड्या पात्याची कात्री पुढे केली. "धुतलेली आहे. सकाळी तुकडा हिनंच बारीक केला."

मास्तरांनी कात्रीकडे पाहिलं. हातात घेतली. दोरा कापला. त्यांच्या लक्षातही आलं नाही की चार महिन्यांत हातात धरलेली ही पहिली कात्री.

"आता करा."

ती बसली. टोक टेकवलं, हवा ओढली, रेघ सपाट झाली. तिनं मुद्दाम मान पुरती वळवली. रेघ सपाटच. आणखी एकदा जरा जोरानं ओढून तिनं आतली वाट मोकळी केली, एक कळ दाबली, आणि पडद्यावरची रेघ झर्रकन खाली बुडून वळणावळणानं वर आली. त्याच क्षणी पहिल्या पडद्यावरची ती कॉर्डरॉयची वीट जराशी आखडली आणि परत सैल झाली.

"हा करंट," करंटवाली हलक्या आवाजात म्हणाली. "आत शिरला की पेशी आकसते. अशा अब्जावधी एकदम आकसल्या की एक ठोका."

मास्तरांनी छातीवर हात ठेवला. धडधड चालली होती, जरा जोरातच, पण ती भीतीची नव्हती. एखादं अवघड काम जमलं की होते ती. तशी धडधड ते विसरूनच गेले होते.

दोन्ही पेशी टिकल्या. मोजमाप झालं. करंटवालीनं डब्यातली कोरडी बिस्किटं काढली, दोघांनी उभ्याउभ्याच खाल्ली. मग ती मांडणीकडे गेली आणि एक जाड वही घेऊन आली.

"काका, तुमचं नाव मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण तुमच्या ऑपरेशनची तारीख तुमची तुम्हाला ठाऊक असेलच."

मास्तरांनी सांगितली. ती कोण विसरेल? तिनं पानं उलटली, एका पानावर थांबली आणि तिचा चेहरा बदलला.

"त्या दिवशी एकच तुकडा आला होता. वाचते. 'अकरा वाजून पाच मिनिटांनी मिळाला. पेशी लांब, रेघा स्पष्ट. नऊ पेशींवर मोजमाप पूर्ण. शेवटची संध्याकाळी सहा चाळीसपर्यंत.'" ती हसली. "खाली आणखी एक ओळ आहे. 'अजून चालली असती. मुलीला आणायला जायचं म्हणून मीच थांबवली.'" मग ती सावधपणे म्हणाली, "यावरून तुमच्या तब्येतीचं काही सांगता येत नाही बरं का. ते सर्जनच सांगतील."

"तब्येत विचारतोय कोण?" मास्तर म्हणाले.

ते हिशेब करत होते. सहा चाळीस. त्या वेळी आपण बेशुद्ध. बायको बाकावर, पर्स धरून. आणि आपला वाटाण्याएवढा तुकडा या खोलीत, ज्याला कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही, तो संध्याकाळपर्यंत कामावर. घरी जायला तयार नाही. त्यालाच जबरदस्तीनं सुट्टी द्यावी लागली.

मास्तर हसायला लागले. हसता हसता व्रण ओढला गेला, दुखला, तरी थांबेनात. करंटवाली घाबरली आणि पाणी आणायला धावली, दारावरच्या कागदावर स्वतःच लिहिलेलं विसरून.

घरी बायको खिडकीत होती. तिला जिन्यावर पावलं ऐकू आली. वळणावर ती थांबतील म्हणून तिनं नेहमीसारखा श्वास धरला. पावलं थांबली नाहीत.

"मिळाला का तुकडा?" तिनं विचारलं. सिस्टरनं फोन करून सगळं कळवलं होतं, असे पेशंट लपून राहत नाहीत.

"नाही," मास्तर म्हणाले. "सगळा कामी आला. चिंधीसुद्धा उरली नाही." ते खुर्चीत बसले आणि बूट काढता काढता थांबले. "मीच तेवढा उरलोय घरात. दुकानाची किल्ली कुठं ठेवलीस?"

बायको उत्तर न देता आत गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात किल्ली होती आणि दुसऱ्या हातात करडं कापड.

शनिवारी चष्मेवाला उत्तर घ्यायला आला, तेव्हा दुकान उघडं होतं, मास्तरांच्या गळ्यात टेप होता आणि मोठी कात्री टेबलावर करकरत चालली होती. त्याला मास्तरांनी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. बाहेर पडताना चष्मेवाल्यानं आपल्या पँटची कंबर सैल करायचं काम देऊन टाकलं.

कोट पुढच्या आठवड्यात झाला. बायकोनं आरशासमोर घालून पाहिला, खांदे पाहिले, बाह्या पाहिल्या, वाकडा एक टाका सापडेना म्हणून जराशी खट्टूही झाली. मग सवयीनं खिशात हात घातला. आत घडी घातलेली, टाचणी लावलेली, बोटभर रुंदीची करडी पट्टी होती.

चाळीस वर्षं तिनं या पट्ट्यांवरून मास्तरांचं डोकं खाल्लं होतं. आता डोळ्यांत पाणी आलं ते तिला लपवता येईना, आणि तिनं लपवलंही नाही.

"हे घेऊन मी काय करू?" ती म्हणाली.

"ते तू बघ," मास्तर म्हणाले. ते पुढच्या कोटाच्या खुणा करत होते, खडू दातांत होता, त्यामुळे शब्द जरा बोबडे आले.

तिनं पट्टी परत खिशात ठेवली. बाहेर थंडी नव्हती, तरी त्या संध्याकाळी ती घरातही कोट घालूनच वावरली.